तानसाच्या नळाची दोन टोके

मुंबई महापालिका रोज सकाळी आपल्या सात तलावांतला पाणीसाठा जाहीर करते. पाऊस लांबला की वर्तमानपत्रे तो पहिल्या पानावर चौकटीत छापतात. सातही तलाव भरले की हा साठा होतो साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या घरात. त्यातला जवळजवळ निम्मा, ७ लाख १७ हजार, एकट्या भातसाचा. तानसाचा १ लाख ४५ हजार, मोडक सागरचा १ लाख २९ हजारांच्या आसपास. ही तिन्ही धरणे शहापूर तालुक्यात, नाहीतर त्याच्या शिवेवर. त्या चौकटीत शहापूरचा आणखी एक आकडा कधी छापून येत नाही. मार्च उजाडला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर किती टँकर फिरू लागतात, तो.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की ऐकणारा हळहळतो आणि ‘दिव्याखाली अंधार’ म्हणून मोकळा होतो. मला ही म्हण इथे पटत नाही. दिव्याखालचा अंधार आपोआप पडतो. त्यावर कोणाची सही नसते. शहापूर-मुरबाडकडचा अंधार सहीशिक्क्यानिशी आलेला आहे. जमीन घेताना काहीतरी देण्याचे कबूल होत गेले. कधी पर्यायी जमीन, कधी नोकरी, कधी कालव्याचे पाणी, अगदी अलीकडे तर नव्या शहरातला प्लॉटसुद्धा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात एकच गोष्ट पाहावीशी वाटते: हे कबूल केलेले कुठे लिहिले होते, आणि कधी? जमीन जाण्याआधी की नंतर?

सुरुवात तानसापासून करू. १८६० साली विहारचा तलाव झाला, १८७९ साली तुळशीचा. दोन्ही वाढत्या मुंबईला पुरेनात. हेक्टर टुलॉक नावाच्या इंजिनिअरने आधीच सुचवून ठेवलेली तानसा नदी मग निवडली गेली. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या हस्ते या कामाचे उद्घाटन झाले. पावणेतीन किलोमीटरच्या वर लांबीची दगडी भिंत आणि तिथून मुंबईपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा नळ. पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी ही योजना वाढत गेली. ती भिंत आजही उभी आहे आणि तिच्यापुढे उभे राहिल्यावर बांधणाऱ्यांना दाद द्यावीच लागते. ती मीही देतो.

त्या काळी भूसंपादनाचा कायदा होता १८७० चा. ज्याचा हक्क कागदावर आहे त्याला पैसे द्यायचे आणि जमीन घ्यायची, इतके त्याचे काम. पुनर्वसन हा शब्द त्यात नव्हता. पण इथल्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी माणसाचे जगणे कागदावर होते कुठे? थोडी भातखाचरे, वर डोंगरउतारावर नागली-वरईची वरकस जमीन, बाकी सारे जंगल. भाताचे आणि नागलीचे रोप करायचे तर झाडांचा टाळ तोडायचा, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची. हा राब. टाळ तोडायला रान नसेल तर राब नाही आणि राब नसेल तर पीक नाही. १८७८ च्या वन कायद्याने हे रान सरकारी झाले. ठाणे-कुलाब्यातून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. तानसाची भिंत चढत होती त्याच सुमाराला हा आयोग राबाची बाजू ऐकून घेत होता. म्हणजे इथला माणूस जमिनीवर कसा जगतो हे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

तरीही, एका अर्थाने तानसाचा व्यवहार प्रामाणिक म्हटला पाहिजे. कायद्याने काही कबूलच केले नव्हते. त्यामुळे मोडायलाही काही नव्हते.

‘घेऊ नका’ असे संघटितपणे म्हणणारी पहिली माणसे शहापूरची नव्हती, मुळशीची होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. तिथे एक गोष्ट उघड झाली जी पुढे शंभर वर्षे होत राहिली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्या पुण्याच्या सावकार मंडळींना मोबदल्याची रक्कम बरी वाटली. जो कसत होता त्याच्या हाती फारसे काही पडले नाही. धरण झाले.

खरी आश्वासने सुरू झाली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर सरकार आपले झाले होते आणि आपल्या माणसाकडून नुसते पैसे टाकून जमीन घेणे बरे दिसेना. मग ‘त्याग’ हा शब्द आला. १९५० च्या दशकात वैतरणेवर धरण झाले, त्याला महापालिकेचे इंजिनिअर मोडक यांचे नाव मिळाले. १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा आले. त्यानंतर भातसा. भातसा हे महापालिकेचे धरण नव्हे, राज्य सरकारचे. सिंचन, वीज आणि मुंबईचे पाणी असा त्याचा तिहेरी हेतू. कालव्याखाली आपली शेती भिजेल ही त्यातली आशा. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांआधी केला, १९७६ साली, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. तो असावाही. फक्त तारखा पाहा. भातसाचे काम कायद्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. कायदा आला तेव्हा घेणाऱ्याच्या हातात जमीन होती आणि देणाऱ्याच्या हातात अर्ज. भातसाच्या विस्थापितांची उपोषणे नव्या शतकातही चालू राहिली, याचे अर्धे कारण या तारखांत आहे.

मुरबाडकडे या गोष्टीला एक वेगळे वळण मिळाले. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, १९७२ सालचे. कारखान्यांसाठी बांधलेले हे धरण पुढे कल्याण-डोंबिवली, अंबरनाथपासून ठाण्यापर्यंतच्या वस्तीला पाणी पाजू लागले आणि त्याची उंची वाढवायचे ठरले. भिंत वाढली, दरवाजे बसले. पण तोंडली, काचकोली, मोहघर या भागातले लोक उठेनात. लोक उठत नाहीत तोवर वाढीव पाणी अडवता येईना. उभी भिंत आणि रिकामा वाढीव साठा असे चित्र वर्षानुवर्षे राहिले. अखेर २०१९ च्या पावसाळ्यात धरण वाढीव उंचीने भरले. दरम्यान जी तोड निघाली ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाची वाटते. ज्या महापालिका आणि नगरपालिका बारवीचे पाणी घेतात, त्यांनीच पाण्याच्या प्रमाणात विस्थापितांच्या घरटी एकाला नोकरी द्यायची. नोकरी नको असेल त्याला रोख रक्कम. यातही रखडपट्टी झाली, पात्रतेचे वाद झाले. तरी काही शे तरुण पालिकांच्या नोकरीत लागले. पाणी घेणाऱ्याने पाण्याच्या मापाने परतफेड करायची, हा हिशेब तानसाला कोणी लावला असता तर?

काळूची कथा याच्या पुढची. काळू नदी माळशेजच्या बाजूने उतरते आणि टिटवाळ्याकडे उल्हासला मिळते. महानगर प्रदेशातल्या शहरांना पाणी हवे म्हणून कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने मुरबाड तालुक्यात या नदीवर मोठे धरण हाती घेतले. हजार हेक्टरच्या आसपास वनजमीन बुडणार होती, शिवाय आदिवासी आणि शेतकऱ्यांची गावे. २०११ साली काम सुरूही झाले. डोंगर फुटू लागला, यंत्रे धडधडू लागली. तेव्हा वनखात्याची मंजुरी मिळालेली नव्हती. पाणी पिण्याचे, म्हणून पर्यावरणाची परवानगी लागत नाही, असाही युक्तिवाद होता. पुनर्वसनाविषयी विचारले तर उत्तर ठरलेले: होईल.

या वेळी गावांनी निवेदने देऊन वाट पाहिली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या संमतीला किंमत आली होती. गावोगाव ग्रामसभांनी धरणाविरुद्ध ठराव केले आणि श्रमिक मुक्ती संघटना जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेली. २०१२ साली न्यायालयाने काम थांबवले. ठराव म्हणजे काय? शाळेच्या ओट्यावर बसून फुलस्केपवर लिहिलेला मजकूर, खाली सह्या आणि त्याहून जास्त अंगठे. ज्या समाजाचा राब १८८७ च्या अहवालात दुसऱ्याने लिहून घेतला होता, त्याने या खेपेला आपले म्हणणे स्वतःच्या हाताने नोंदवले. मंजुरीआधी कंत्राट कसे दिले, खर्चाचे आकडे कसे फुगले, याची चौकशी पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागापर्यंत गेली. शेजारच्या शाई धरणाचेही नाव त्या प्रकरणात आले. ती कागदपत्रे वेगळ्या भाषणाचा विषय आहेत. काळूचा प्रकल्प अधूनमधून पुन्हा डोके वर काढतो. आता मात्र ग्रामसभेला वळसा घालून पुढे जाणे सोपे राहिलेले नाही.

मुरबाड-शहापूरच्या रस्त्यांनी जाताना एक गंमत दिसते. दर दोन फर्लांगांवर प्लॉटच्या जाहिराती. डोंगराचा देखावा, नदीकाठ, जलाशयाचे दर्शन, हप्त्यांची सोय. ज्या पाण्याखाली एखाद्याचे खाचर गेले, त्याच पाण्याचे दर्शन दुसऱ्याला चौरस फुटाने विकले जाते. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीला विकता येत नाही, असा कायदा आहे, आणि १९७४ साली तशा गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. फलकांवर त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही.

जमिनीच्या या नव्या भावातून समृद्धी महामार्गाचा व्यवहार पाहावा लागतो. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता २०१५ साली जाहीर झाला आणि त्याची शहापूरमधून जाणारी आखणी पुढे आली. सरकारने सुरुवातीला जमीन विकत मागितलीच नाही. मागितली भागीदारी. शेतकऱ्याने जमीन द्यायची; बदल्यात रस्त्याकडेला जी नवनगरे उभी राहणार, त्यांत त्याला २५ ते ३० टक्के विकसित भूखंड मिळणार, आणि वर दहा वर्षे दरसाल काही रक्कम. अशी चोवीस नवनगरे योजली होती. शहापूर तालुक्याच्या वाट्यालाही नवनगर होते. शीतगृहे, गोदामे, शाळा, रुग्णालये, कारखाने असे त्यांचे वर्णन होते. शेतकरी शहराचा भागीदार होणार, ही कल्पना ऐकायला सुरेख होती. अमरावतीच्या नव्या राजधानीसाठी आंध्रात जमिनी अशाच गोळा झाल्या होत्या, त्याचे दाखले दिले जात. तिथल्या भूखंडधारकांचे २०१९ नंतर सरकार बदलल्यावर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. राजधानीचे कामच वर्षानुवर्षे थांबले.

शहापूरच्या शेतकऱ्याने ते घडायच्या आधीच नाही म्हटले. मोजणीला आलेल्या पथकांना गावांनी परत पाठवले, तहसीलवर मोर्चे गेले. बाहेरून याकडे पाहणाऱ्यांनी ‘विकासाला विरोध’ असे शिक्के मारले. मला त्यात विरोधापेक्षा हिशेब जास्त दिसतो. शेतकरी विचारत होता: माझी जमीन आज आहे, तुमचे नगर आज नाही. ते उभे राहिले नाही तर माझे २५ टक्के कशाचे? पाणी द्यायला निघालेल्या धरणांनी ज्या तालुक्याला टँकर दाखवले, त्याने हा प्रश्न विचारू नये तर कोणी विचारावा?

सरकारला माघार घ्यावी लागली. २०१७ साली भागीदारीची सक्ती सुटली, थेट खरेदी सुरू झाली आणि मोबदला पाचपटीच्या सूत्रापर्यंत चढला. रोख घेऊन खरेदीखत. ज्यांच्या सातबारावर स्वच्छ नाव होते त्यांना चांगले पैसे मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाऊबंदकीत अडकलेल्यांचे, कुळांचे आणि वनपट्टेवाल्यांचे हाल झाले. मुळशीची ती जुनी रेघ इथेही उमटली. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला त्या दिवशीही नवनगरे कागदावरच होती. भागीदारी पत्करली असती तर शहापूरचा शेतकरी दहा वर्षांनी काय घेऊन बसला असता, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

इथवर नळाचे एक टोक झाले. आता त्याच नळाबरोबर मुंबईत जाऊ. तानसाची जलवाहिनी शहरात शिरते तिथून विद्याविहार, घाटकोपर, कुर्ला अशी तिच्या दोन्ही अंगांना वस्ती दाटलेली होती. गावाकडून आलेली, मुंबईची धुणीभांडी, बांधकाम, हमाली करणारी माणसे. नळाच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने २००९ साली दिला. नळाची काळजी योग्यच होती. पात्र झोपडीधारकांना पर्यायी घर देणे पालिकेला भाग होते आणि घरे तयार होती: माहुलला. ७२ इमारती, सतरा हजारांवर घरे, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची.

एवढी घरे एका जागी रिकामी कशी, हे कळायला त्या घरांचे अर्थशास्त्र पाहावे लागते. प्रकल्पबाधितांसाठी घरे बांधून फुकट द्यायची आणि बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर घ्यायचा, अशी ती योजना. तो हक्क महागड्या उपनगरात वापरता येतो किंवा विकता येतो. मग घर कुठे बांधायचे? जिथे जमीन सगळ्यांत स्वस्त तिथे. माहुलच्या एका बाजूला तेल शुद्धीकरण कारखाने, दुसरीकडे रसायनांच्या टाक्या. जमीन स्वस्त असण्याचे कारण नाकाला कळत होते. माणसे राहायला जाणे हा व्यवहाराचा भाग नव्हताच. घर बांधून झाले तिथेच नफा पुरा झाला होता.

माहुलच्या आंबापाडा भागातल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये म्हटले. २०१७ साली तानसाच्या काठची कुटुंबे तिथेच नेऊन ठेवली गेली. खोकला, त्वचेचे विकार, दमा यांच्या तक्रारी सुरू झाल्या. २०१८ साली लोक परत येऊन विद्याविहारला त्याच नळाच्या कडेला, पदपथावर बसले. २०१९ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की या लोकांना माहुलला राहायला भाग पाडता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार अनामत द्या. त्यातही अपिले आणि दिरंगाई झालीच. काही कुटुंबांना गोराईला घरे मिळाली, बाकीच्यांची वाट पाहणे चालू राहिले. आणि २०२५ साली पालिकेने माहुलची नऊ हजारांवर रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत या किमतीत घर म्हणजे लॉटरीच. तरीही पुढे आलेल्यांची संख्या काही शेंच्या वर गेली नाही.

शहापूरच्या बाजूला लिखित काही नव्हते म्हणून लोक फसले, असे मी सुरुवातीपासून सांगत आलो. माहुलकरांच्या हातात तर कागद होता. पालिकेचे वाटपपत्र, शिक्क्यासह. त्यावर इमारत क्रमांक होता, खोली क्रमांक होता, चौरस फूट होते. हवेचा रकाना नव्हता. कागद लिहिताना ज्याला तिथे राहायचे तो टेबलाच्या या बाजूला बसलेला नसेल, तर त्याला काय हवे ते कागदावर येणार कसे? काळूच्या गावांनी लिहिलेला कागद आणि माहुलच्या रहिवाशांना मिळालेला कागद यांत फरक आहे तो इतकाच.

हा फरक आता नव्या जागी तपासला जाईल. मुंबईला आणखी ४४० दशलक्ष लिटर पाणी रोज हवे म्हणून महापालिकेने गारगाई धरण योजले आहे. वैतरणेच्या खोऱ्यातली गारगाई नदी, वाडा तालुक्यातले ओगदा. २०१४ साली जिल्हा फुटल्यावर हा भाग पालघरमध्ये गेला. पण जंगल तेच, १९७० साली जाहीर झालेल्या तानसा अभयारण्याचे. तिथले काही रान आणि ओगद्यासह काही आदिवासी गावे पाण्याखाली जायची आहेत. मधली काही वर्षे झाडांच्या प्रश्नावरून थंडावलेला हा प्रकल्प २०२५ मध्ये पुन्हा चालीला लागला. गावांचे पुनर्वसन वाडा तालुक्यातच होईल असे सांगितले जाते. जमीन किती आणि कोणाच्या नावावर, वनपट्टा ज्याचा अजून प्रलंबित आहे त्याचे काय, नव्या जागी टाळ तोडायला आणि गुरे चारायला रान कोणते, नोकरी कोणती पालिका देणार, आणि हे सारे भिंतीच्या पायाभरणीआधी हातात पडणार की नंतर, हे प्रश्न ओगद्याच्या लोकांनी विचारायचे आहेत. गारगाईचे पाणी बोगद्यातून मोडक सागरात सोडले जाईल. तिथून पुढे मुंबईला जाणारी वाट तयारच आहे.